ठणठणीत

लवेल पेटवेनं सही केली आणि ती क्लिओटिस टिब्जची निघाली. लमार अव्हेन्यूवरच्या अर्लीच्या सलूनमध्ये तो खुर्चीत बसला होता. गळ्याशी कापड आवळलेलं, अर्धं डोकं भादरून झालेलं. शेजारच्या खुर्चीतल्या ढेरपोट्या माणसानं टोपी पुढे केली, मेहुण्यासाठी सही हवी म्हणाला, आणि लवेलनं कापडाखालून हात काढून, मान न वळवता, आजवर असंख्य टोप्यांवर ठोकली तशीच सही ठोकून दिली. माणसानं टोपी उजेडाकडे धरली. ओठ हलवत वाचलं. "हे काय हो?" तो म्हणाला. "इथं तर टिब्ज लिहिलंय." अर्लीचा वस्तरा कानामागे थांबला. लवेलनं विचार करायच्या आत त्याचं तोंड आपणहून बोलून गेलं, "बघत होतो, तुला वाचता येतं का ते." सगळं सलून खो खो हसलं. "बरी जिरवली," अर्ली म्हणाला. "मेहुणा-बिहुणा कोणी नाहीये याला. उद्या बाजारात विकेल ती टोपी." पुन्हा हसणं. लवेलनं टोपी परत घेतली आणि खाली नीट सही केली, अक्षर अन् अक्षर मनात म्हणत. माणूस खूशच झाला. एका टोपीवर दोन सह्या, त्यातली एक मेलेल्या माणसाची. "पण टिब्ज गेला ना हो?" तो म्हणाला. "शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाला होता म्हणे." "गेला," लवेल म्हणाला. अर्लीनं वस्तरा पुन्हा चालवायला घेतला आणि "मान हलवू नकोस" एवढंच म्हणाला.

केस कापायला तो आला होता तेच मुळी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून. डोक्याच्या डॉक्टरकडे जाताना डोकं निदान बाहेरून तरी माणसासारखं दिसावं, असा त्याचा साधा विचार. बाहेर येऊन तो गाडीत बसला, पण गाडी चालू केली नाही. उजव्या हाताकडे बघत राहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट इतक्यांदा निखळलेलं की दोन्ही आता एकमेकांशी भांडण झाल्यासारखी वेगवेगळ्या दिशांना तोंडं करून असत. या हाताला टिब्जची सही आली कुठून? आणि मग आठवलं, आणि आठवलं म्हणून त्याला इतकं हायसं वाटलं की तो एकटाच मोठ्यानं हसला. अरे, पहिल्या वर्षी टिब्जच्या सह्या आपणच तर करायचो! नवख्यानं जुन्याच्या नावानं सह्या करायच्या, त्याच्या बॅगा उचलायच्या, विमानात त्याच्यासाठी तळलेली कोंबडी घेऊन चढायचं, ही संघाच्या कपडे बदलायच्या खोलीतली रीतच होती. चेंडूंची खोकीच्या खोकी यायची आणि टिब्ज खुर्चीत गुडघ्यांवर बर्फ ठेवून बसून सांगायचा, "टी मोठा काढ रे पोरा, लोकांनी पैसे मोजलेत टीचे." म्हणजे वेड नव्हे, जुनी सवय. हाताची सवय. हातानं केलं ते, डोक्यानं नाही. पण मग त्याच्या मनात आलं, सही करताना डोकं होतं कुठं?

टिब्जनं त्याला सगळं शिकवलं. अमेरिकन फुटबॉलच्या या धंद्यात हा एक चमत्कारिक छळ आहे: ज्याचं ताट तुम्ही ओढून घ्यायला आलात त्यानंच तुम्हाला कसं जेवायचं ते शिकवायचं, आणि वर हसतमुख राहायचं, नाहीतर म्हणणार हा माणूस खोलीचं वातावरण नासवतो. चेंडू बगलेत घेऊन माणसांच्या भिंतीत घुसायचं आणि पलीकडे निघायचं, हे काम माणसाला तिशीपर्यंत जमतं. टिब्ज तिशीचा झाला होता. लवेल मिसिसिपीच्या डेल्टातून, कापसाच्या शेतांमधल्या एका गावातून आलेला, नुकती मिसरूड फुटल्यासारखा दिसणारा, आणि अंगात असा वेग की सरावाच्या पहिल्याच दिवशी टिब्जनं हेल्मेट काढून त्याच्याकडे नुसतं बघितलं होतं. "डोळ्यांकडे बघू नकोस समोरच्याच्या," त्यानं सांगितलं. "डोळे थापा मारतात. कमरेकडे बघ. कंबर बिचारी कधी खोटं बोलत नाही." आणि मग, मोसम सुरू व्हायच्या आधी, परीक्षेच्या दिवशी सकाळी, टिब्जनं त्याला बाजूला घेतलं. परीक्षा म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसायचं. पडद्यावर शब्द येतात, लोणी, खांब, घोडा, शिट्टी. मग मध्येच आकृत्या, रंग, आकडे. आणि मग विचारतात, मघाचे शब्द कोणते. त्याचे गुण ठेवून देतात. पुढे कधी डोक्याला मार बसला की तुम्हाला पुन्हा तिथंच बसवतात, आणि गुण आधीपेक्षा खाली आले तर मैदानाबाहेर. बरं होईपर्यंत बाहेर. आणि तुम्ही बाहेर बसलात की तुमच्या जागी दुसरा कोणीतरी पळतो. "तेव्हा काय करायचं?" टिब्ज म्हणाला. "पहिल्यांदाच ढ व्हायचं. पण अगदी दगड नाही हां, दगड झालास तर मशीनला संशय येतो. बेताचा ढ. प्रशिक्षकाच्या भाच्याइतका."

लवेलला ते फार आवडलं होतं. त्याची आई गावातल्या शाळेत तिसरीला शिकवायची आणि घरी त्यालाही शिकवायची, रोज, भांडी घासता घासता. अख्खी स्तोत्रं त्याच्याकडून पाठ करून घ्यायची आणि मध्येच एखादी ओळ मुद्दाम चुकीची म्हणून बघायची, पोरगं पकडतं का. तो पकडायचा. त्याला संघाच्या सगळ्या चाली ऐकूनच पाठ झाल्या होत्या, स्वतःच्याच नव्हे, बाकी दहा जणांच्याही. अशा पोरानं ढ व्हायचं म्हणजे कसबच. लोणी आठवत असताना लोणी सोडून द्यायचं. घोड्यावर बोट न्यायचं आणि थबकायचं, कपाळाला आठ्या घालायच्या, आणि गाढव दाबायचं. बाहेर आल्यावर टिब्जनं त्याच्या पाठीत थाप मारली होती, आणि त्या थापेत लवेलला वाटलं होतं, आता आपण यांच्यातले झालो. आईला फोन करून हे सांगावं असंही त्याच्या मनात आलं होतं. सांगितलं नाही ते बरंच झालं. तिनं ऐकूनही घेतलं नसतं.

मार बसायचा तेव्हा आधी तोंडात तांब्याची चव यायची. मग आवाज जायचा. एवढं मोठं मैदान, घसा फाडून ओरडणारी माणसं, आणि त्याच्या कानांत कोणी विहिरीच्या तळाशी बादली हलवत असल्यासारखं काहीतरी चालू. एकदा तो उठला, चेंडू पंचाच्या हातात दिला, आणि शांतपणे चालत जाऊन समोरच्या संघाच्या बाकावर बसला. त्यांनी त्याला पाणी दिलं. कोणीतरी खांद्यावर टॉवेलही टाकला. मग त्यातला एक जण फिदीफिदी हसायला लागला आणि सगळे हसले, आणि लवेलही हसला, कारण सगळे हसत होते. दुसऱ्या दिवशी परीक्षा. गुण होते तेवढेच. "ठणठणीत आहे," संघाचा डॉक्टर म्हणाला, आणि रविवारी तो पुन्हा भिंतीत घुसला. शहरानं त्याला डोक्यावर घेतलं. भिंतींवर चित्रं काढली, पोरांची नावं लवेल ठेवली. तेव्हा टिब्ज कुठं होता? टिब्जला त्याआधीच काढून टाकलं होतं, एका मंगळवारी सकाळी, अंघोळ करून अंगावर टॉवेल असताना. जाताना त्यानं लवेलशी हात मिळवला आणि म्हणाला, "माझी जागा ऊबदार ठेव." आणि लवेलनं, देवाशपथ, त्या वेळी फक्त एवढाच विचार केला होता की आता कोपऱ्यातलं मोठं कपाट आपल्याला मिळेल.

दरवर्षी ती परीक्षा, दरवर्षी बेताचा ढ. पण गाडीत बसल्या बसल्या, भादरलेल्या मानेवर केसांचे कण टोचत असताना, त्याला एक नकोशी गोष्ट आठवत होती. शेवटच्या दोन-तीन मोसमांत तो त्या पडद्यासमोर बसायचा आणि, आता हा शब्द सोडू या, असं ठरवायला जायचा, तर तो शब्द आधीच गेलेला असायचा. सोडायला हातात काही नसायचंच. तेव्हा त्यानं स्वतःची समजूत घातली होती, सरावानं इतकं अंगवळणी पडलंय की आता आपोआप होतं. माणूस स्वतःची समजूत घालण्यात किती हुशार असतो बघा. बाकी सगळं विसरला तरी ती हुशारी शाबूत राहते.

आणि आता डॉक्टरकडे जायचं ते रेनिटासाठी. रेनिटा म्हणजे त्याची बायको होती ती. घटस्फोट होऊन आता बराच काळ झाला होता. ती त्याला सोडून गेली ती एका संध्याकाळमुळे. कशावरून चिडला होता ते त्याला नंतर कधीच आठवलं नाही. मोरीचं दार लागलेलं होतं आणि त्यानं ते बिजागऱ्यांसकट उपटलं. आत त्यांची लेक जोसेट दात घासत उभी होती. ब्रश तोंडात, फेस हनुवटीवर, आणि डोळे असे, की लवेल पुढे कितीही गोष्टी विसरणार असला तरी ते डोळे विसरायची सोय नव्हती. तेव्हापासून लेक भेटायची ती रविवारी चर्चनंतर, रेनिटाच्या पुढच्या खोलीत, आणि रेनिटा स्वयंपाकघरात. भांडी धुवायची, पण आवाज न करता, कान इकडे. लवेलला एकच गोष्ट हवी होती: एक शनिवार. लेकीला गाडीत घालून बाहेर न्यायचं, कोणाचे कान मागे नसताना. किती महिने तो हेच मागत होता. रेनिटा टिब्जच्या दफनाला गेली होती. टिब्जच्या बायकोनं तिला मागच्या अंगणात नेऊन सगळं सांगितलं होतं; कसा तो शेवटी स्वतःच्याच घरात चोर शिरल्यासारखा फिरायचा, नातवाला कसं ओळखलं नाही आणि त्याच्यावर लाकूड उगारलं. गेल्यावर त्याची कवटी उघडून बघितली तेव्हा कळलं, डोक्याला बसलेल्या मारांनी मेंदू आतून झिजला होता. "तुझं डोकं तपासून घे," रेनिटानं लवेलला सांगितलं. "टिब्जसारखं काही असेल तर पोर तुझ्याबरोबर एकटी पाठवणार नाही. मग रड नाहीतर पाया पड. आणि नसेल तर ने शनिवारी. मी अडवणार नाही."

डॉक्टर वाइनगार्ट बुटके होते, गळ्यात बो टाय, टेबलावर स्वतःच्या कुत्र्याचा फोटो. दवाखान्यात त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि लवेलनं आयुष्यात पहिल्यांदा त्या परीक्षेत जीव ओतला. शब्द आले. त्यानं ते आईनं शिकवल्यासारखे एकमेकांना बांधले, मनात म्हटले, जिभेवर धरून ठेवले. आकृत्या आल्या आणि गेल्या. मग विचारलं, मघाचे शब्द कोणते, आणि तिथं काहीही नव्हतं. खोली होती, खोलीत उजेड होता, आणि खोली रिकामी होती. त्याच्या बगलांतून घाम वाहायला लागला. त्यानं अंदाजानं बटणं दाबली. दाबताना त्याला कळत होतं की आपण नापास होतोय, खरोखरचे, आणि शनिवार गेला. सगळं झाल्यावर तो बाहेर बाकावर बसला आणि रेनिटाला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवायला लागला. पहिलं वाक्य जुळायचं, दुसऱ्यापर्यंत पहिलं निसटायचं.

"बातमी चांगली आहे, मिस्टर पेटवे," डॉक्टर वाइनगार्ट म्हणाले. लवेलला वाटलं, आपण चुकीच्या खोलीत आलो. "आजचे गुण कमी आहेत, ते खरं. पण तुमच्या संघाकडून जुने गुण मागवले मी. अगदी पहिल्या वर्षापासूनचे. तेव्हाही एवढेच होते. दरवर्षी एवढेच. घसरण म्हणून नाही." "म्हणजे?" "म्हणजे तुम्ही होता तसेच आहात. फोटोतही मेंदू बरा दिसतोय. आता डोक्याला मार बसून होतो म्हणतात तो दुसरा आजार जिवंत माणसात दिसत नाही, पण खालावलेलं काही असतं तर या गुणांत उतरलं असतं." त्यांनी चष्मा काढला आणि आवाज जरा मऊ केला. "काही माणसांची स्मरणशक्ती मुळातच बेताची असते. त्यात लाजायचं काही नाही. तुम्हाला देवानं पाय दिले."

लवेलच्या कानात रक्त चढलं. मुळातच बेताची! भांडी घासणारी आई त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, साबणाचे हात तसेच धरून. त्याला टेबलावर मूठ आपटून सांगायचं होतं, अहो डॉक्टर, दहा जणांच्या चाली पाठ होत्या मला, स्तोत्रं पाठ होती, मी सोडून देत होतो ते शब्द, सोडून! विचारा कोणालाही! कोणाला विचारणार होते म्हणा, टिब्ज मातीत. पण सांगता तर येतंच होतं. तोंड उघडलंही त्यानं. डॉक्टर, तेव्हा मी, असं म्हणायला गेला, आणि शनिवार आठवला. जे सांगितल्यानं तो हुशार ठरणार होता त्यानंच तो वेडा ठरणार होता. त्यानं तोंड मिटलं. मिटताना दाढा एकमेकींवर घासल्याचा आवाज त्याला आतून ऐकू आला. "एवढंच जरा लेखी द्याल का?" तो म्हणाला. "बायकोला दाखवायचंय." डॉक्टरांनी आनंदानं दिलं. दारापर्यंत आले, पाठ थोपटली, आणि मग हळूच म्हणाले, माझ्या मुलासाठी एक सही मिळेल का. लवेलनं सही केली, पुन्हा पुन्हा वाचून बघितली, आणि दिली.

रेनिटा फोनवर रडली. त्यानं पाठवलेला तो कागद स्वतः वाचून झाल्यावर तर जास्तच. "उगाच भीत होते मी, लवेल," ती म्हणाली. "रात्र रात्र झोप नव्हती मला. माझी आई म्हणायचीच, अगं तो आजारी-बिजारी काही नाही, मुळातच धांदरट आहे. बायबल कुठं ठेवलं ते आठवत नाही, लग्नात अंगठी विसरला." "म्हणायच्या खऱ्या," लवेल म्हणाला. "त्या दारावरून मी तुला काय काय बोलले. वाटलं होतं तुझ्या डोक्यात किडा आहे." "नाही गं. नुसता रागीट आहे मी." "रागीट नवऱ्याला काय भ्यायचं," ती नाक पुसत हसली. "माझे बाबा काय कमी होते? शनिवारी ये. जेवून या कुठंतरी. सहाच्या आत आण." लवेलही हसला. कित्येक दिवसांत दोघं असे हसले नव्हते. फोन ठेवल्यावर तो आरशासमोर उभा राहिला आणि त्यात दिसणाऱ्या माणसाला म्हणाला, ढ. बेताचा ढ. आणि त्याला खरोखर आनंद झाला होता, हे कबूल करायला हवं. असा आनंद त्याला शेवटचा कधी झाला होता ते त्यानं आठवून बघायचा प्रयत्न मात्र केला नाही.

शनिवारी ऊन छान होतं. जोसेट पुढच्या सीटवर बसली आणि बसल्यापासून तिचं तोंड सुरू. वर्गातल्या कासवानं अंडं घातलं आणि सगळ्यांना वाटत होतं तो नर आहे. चर्चमधल्या मिस ओपलचा टोप वाऱ्यानं उडाला. "डॅडी, तू किती हळू चालवतोस! मम्मी म्हणते तू सगळ्यांत वेगवान होतास." "तेव्हा पायांनी पळायचो. सिग्नल नसायचे." ती खळखळून हसली, आणि त्याला वाटलं, हे हसू बगलेत घेऊन आपण कुठल्याही भिंतीतून पार जाऊ. तो मनात प्रत्येक वळण म्हणत होता, डावीकडे, पंप, मग उजवीकडे, आणि वळणं बरोबर येत होती. नदीकाठी ते पुष्कळ वेळ फिरले. मिसिसिपी तांबूस, जड, एका मोठ्या पडावाला ढकलत चालली होती. जोसेटनं त्याची वाकडी बोटं धरली आणि एकेक मोजून विचारलं, हे कुणी मोडलं, हे कुणी मोडलं. त्यानं नावं सांगितली. खरी किती, खोटी किती, तिला काय कळणार. "मम्मी म्हणाली तू आजारी नाहीयेस," ती एकदम म्हणाली. "फक्त तुझं लक्ष नसतं." "असं म्हणाली?" "हो. मग लक्ष देत जा ना. मी देते गणितात, नाही आवडत तरी." "आज सगळं लक्ष तुझ्याकडे," तो म्हणाला. तिनं करंगळी पुढे केली, त्यानं आपली वाकडी करंगळी तिच्यात अडकवली.

जेवायला तो तिला मिस डोरीनच्या खानावळीत घेऊन गेला, जिथं अंगणात लाकडं धुमसत असतात आणि डुकराच्या बरगड्या सकाळपासून धुरात शिजतात. डोरीनबाईंनी जोसेटचे गाल ओढले. "बापावर गेलीय गं! पण बापासारखी सगळं पुसून खाऊ नकोस, ताट तरी ठेव मला." जोसेटनं कोपरापर्यंत रस्सा माखून घेतला. लवेल तिच्याकडे बघत होता आणि त्याला इतकं भरून आलं की त्यानं चहाचा मोठा घोट घेऊन ते खाली ढकललं. "हात धुऊन येते," ती म्हणाली, बोटं पसरून, काहीही न शिवता, पलीकडे गेली. कोपऱ्यातल्या टीव्हीवर कॉलेजांची मॅच चालू होती. एका पोरानं चेंडू घेतला, समोर भिंत, आणि डावीकडे, अगदी डोळ्यादेखत, वाट उघडली. लवेलची कंबर खुर्चीतच डावीकडे वळली. डावीकडे रे, मूर्खा! पोरगं उजवीकडे घुसलं आणि चिरडलं गेलं. अरेरे. वाट किती मोठी होती. तिच्यातून गुरांचा कळप गेला असता. त्यानं पैसे ठेवले, डोरीनबाईंकडे बघून हात हलवला, बाहेर उन्हात आला. गाडीत बसला. त्या पोराला समोरच्याची कंबर बघायला कुणी शिकवलं नाही. डोळ्यांकडे बघतात सगळे. आपण असतो तर डावा पाय टेकून, खांदा पाडून, आणि मग समोर नुसती हिरवळ, आणि आवाज मागे, आणि कोणीच नाही. वळणं आपोआप येत गेली. घरी येऊन त्यानं बूट काढले, गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवल्या आणि खुर्चीत रेलला. खिडकीतून ऊन पायांवर येत होतं. दिवस फार छान गेला होता. का छान गेला ते नेमकं सांगता आलं नसतं, पण अंगभर ते पसरलं होतं, नुकतं पोटभर जेवल्यासारखं.

फोन वाजला. "कुठं आहेस तू?" रेनिटा म्हणाली.

"घरी. का गं?"

"जोसेट कुठंय?"

काय विचारणं झालं हे. "तुझ्याकडे," तो म्हणाला, अगदी सहज.

रेनिटाच्या मागे गाड्यांचा आवाज होता, आणि लाकडं फुटल्यासारखं तडतड. मग ती बोलली, एकेक शब्द वेगळा करून. "मी डोरीनबाईंच्या दारात उभी आहे. त्यांनी फोन केला मला. ही पायरीवर बसून होती. आत चल म्हटलं तरी येईना. म्हणे, डॅडी गाडी आणायला गेलाय, मी दिसले नाही तर शोधेल."

लवेल उभा राहिला. बर्फाच्या पिशव्या जमिनीवर पडल्या. आत्ता सगळं एकदम आलं, पसरलेली बोटं, रस्सा, कासव, करंगळी; इतकं स्वच्छ, की जणू ते कधी गेलंच नव्हतं. त्याच्या तोंडात तांब्याची चव होती. "रेनिटा, ऐक. माझं डोकं खरंच बिघडलंय. ती परीक्षा खोटी आहे. म्हणजे जुनी. मी तरुण होतो तेव्हा चुकीची उत्तरं द्यायचो, जाणूनबुजून. मैदानाबाहेर बसवू नये म्हणून. टिब्जनं शिकवलं होतं. सगळेच करायचे. म्हणून डॉक्टरांना वाटलं मी पहिल्यापासूनच—"

"आज सुचलं हे तुला?"

"तेव्हाच माहीत होतं मला. डॉक्टरसमोर बसलो होतो तेव्हा. पण सांगितलं असतं तर तू शनिवार दिला नसतास."

"म्हणजे एक तर तू आत्ता खोटं बोलतोयस," रेनिटा म्हणाली, "नाहीतर डोकं फिरलेलं माहीत असून माझी पोर गाडीत घालून घेऊन गेलास. यातलं कुठलं मी खरं धरू? सांग. तू सांगशील ते धरते."

लवेलनं उत्तर शोधलं. दोन्ही वाटांवर माणसं उभी होती.

"आजारी असतास ना, लवेल, तर मी तिला सांगितलं असतं. तिनं तुला माफ केलं असतं. ती रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते, माहितीये?" तिचा आवाज फाटला आणि तिनं तो पुन्हा शिवला. "डॉक्टरांनी लिहून दिलंय. मी स्वतः वाचलंय. आता बास."

मागून जोसेटचा आवाज आला, लहान, नाक भरलेला. "मम्मी, डॅडीला बरं वाटत नाहीये का?"

"नाही गं राणी," रेनिटा फोन बाजूला धरून म्हणाली. "डॅडी अगदी ठणठणीत आहे." आणि तिनं फोन ठेवला.